उंबरा काढणारी अक्का

माझी मुलगी आत होती.

आम्ही गिरणा नदीवर कानबाई देवी बोळवून परत येत होतो. बायकांच्या कपाळाला गुलाल होता, माझ्या डोक्यावर रिकामा पाट होता. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि आमच्या घराच्या पुढच्या दारातून ज्वाळा बाहेर येताना दिसल्या. माजघरात कानबाईमागे साड्यांची सजावट केलेली होती, खाली समई तेवत ठेवली होती. कोपऱ्यात कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या रचलेल्या होत्या, पावसात भिजू नयेत म्हणून. आग लागायला एवढं पुष्कळ झालं.

पुरुष पुढच्या दाराशी बादल्या घेऊन ओरडत होते. आबा, म्हणजे आमचे चुलत सासरे, सगळ्यांच्या पुढे. सासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडायची रीत नव्हती. मी उघडलं.

"मागलं दार?"

"ते बंद शे. कडी वर शे. म्हातारीना हात पोचाव नही," आबा म्हणाले.

"अक्का शे ना आत!"

"ती पांगळी शे. ती काय करी?"

आत माझी सासू होती, जिला आम्ही सगळे माय म्हणत असू. अक्का होती, माझी थोरली जाऊ. आणि झोळीत माझी काही महिन्यांची मुलगी होती. आबांचं ते वाक्य ऐकून कोणी एक पाऊलही मागच्या गल्लीकडे टाकलं नाही. ती काय करी! आता मी म्हातारी झाले, गावातली निम्मी माणसं मला आठवत नाहीत, पण हे वाक्य आठवतं. म्हणून आधी त्या पांगळीबद्दल सांगते, आगीचं मग.

अक्का कुणाच्या घरी गेली की आधी माणसाकडे पाहायची नाही, दाराकडे पाहायची. उंबऱ्यावर हात ठेवून विचारायची, "आठे कोन पडनं व्हतं?" आणि तुम्हाला सांगते, प्रत्येक घरात कोणीतरी पडलेलं असायचंच. कुणाची सासू, कुणाची पोटुशी लेक, कुणाचा दारू न पिणारा मेहुणा. घरची माणसं सांगायची, म्हातारीला दिसत नव्हतं, पोरीचं लक्ष नव्हतं, मेहुणा घाईत होता. अक्का ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "पडनारले बठ्ठा बोलतस. दारले कोनी बोलत नही." लोकांना हे आवडायचं नाही. चहा यायला उशीर व्हायचा.

ती जन्माची पांगळी नव्हती. मी लग्न होऊन भडगाव तालुक्यातल्या त्या गावात आले तेव्हा अक्का डोक्यावर दोन हंडे आणि कमरेवर घागर घेऊन नदीची चढण चढायची आणि वर वाटेत भेटेल त्याच्याशी भांडायची. उंच, हाडापेरानं मोठी बाई. आमची घरं धाब्याची, मातीच्या सपाट छपराची. पावसाळ्याच्या तोंडावर वर खारी माती पसरायची असते, नाहीतर घर गळतं. ते काम अक्काचं. एका वर्षी मातीची पाटी डोक्यावर घेऊन शिडीवरून वर जात असताना शिडीचा दांडा निघाला. अक्का पाठीवर पडली. कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच.

लोक काय म्हणाले असतील? शिडी कुजकी होती, असं एकानंही म्हटलं नाही. म्हणाले, बाई अंगानं जड होती.

धुळ्याच्या दवाखान्यात ती बरेच दिवस होती. मग तिथल्या डॉक्टरांना दाखवायला सोपं जावं म्हणून तिच्या भावानं तिला देवपुरात आपल्या घरी ठेवून घेतलं. भाऊ कचेरीत कामाला होता. पांझरा नदीपलीकडे त्यानं नवीन बंगला बांधला होता आणि त्याचा त्याला फार अभिमान होता. मी आमच्या ह्यांच्याबरोबर तिला बघायला गेले तेव्हा तिच्या वहिनीनं मला आधी घर दाखवलं, मग नणंद दाखवली. स्वयंपाकघरात उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा होता. तेव्हा ही नवीनच तऱ्हा होती. वहिनी म्हणाली, "आता खाली बसून फुंकणी फुंकायची नाही, बाई. अडाण्यासारखं."

अक्का त्या ओट्याच्या खाली, भिंतीला टेकून बसलेली होती. मला म्हणाली, "धाकली, ये. बस. ह्या घरात माले ओट्याचं फक्त पोट दिसस. वर काय शिजतं ते नाकानं ओळखायचं."

वहिनी हसली. अक्का हसली नाही.

त्या घरात पाणी प्यायचं भांडं ओट्यावर. नळ उभ्या माणसाच्या छातीशी. न्हाणीला बाहेर पाणी येऊ नये म्हणून गुडघाभर कठडा. दिव्याचं बटण खांद्याच्या वर. वहिनी देवळात गेली आणि भाऊ कचेरीतून यायला उशीर झाला, तर दिवेलागणीला अक्का अंधारात बसून राहायची. वीज होती, दिवा होता, आणि बाई अंधारात! भाऊ आल्यावर बटण दाबायचा आणि म्हणायचा, "अगं, दिवा नाही का लावला?" हे ती मला सांगत होती तेव्हा भाऊ समोरच बसला होता. वाईट माणूस नव्हता तो. पण घर बांधताना त्यानं डोळ्यांसमोर कोण धरलं होतं? स्वतःला. तिशीतला, धडधाकट, दोन पायांवर उभा. आपण कधी बसणारच नाही असं समजून माणसं घरं बांधतात.

"माले घर ने," अक्का मला म्हणाली. "तठे चूल जमिनीवर शे. मी भी जमिनीवर शे. आमनं जमी."

घरी आणलं, तर घरच्यांनी तिच्यासाठी काय तयार करून ठेवलं होतं? मागच्या पडवीत, गोठ्याला लागून, एक बाज. बाजेच्या सुतळीत मधोमध भोक पाडलेलं आणि खाली घमेलं ठेवलेलं. मायनं मोठ्या मायेनं दाखवलं, "मोठी, तुले आते उठानं कामच नही." कुणाला यात काही चुकीचं दिसलं नाही. गावभर अशाच बाजा होत्या. अंग गेलेली माणसं त्यांच्यावर वर्ष-दोन वर्षं पडून राहायची आणि मरायची, आणि लोक म्हणायचे, सुटला बिचारा.

अक्कानं त्या भोकाकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "मना पाय गयात. लाज नही गई."

त्याच दिवशी ती हातांवर रेटत बाजेवरून खाली उतरली आणि मोरीकडे निघाली. मोरीच्या दारात उंबरा होता. त्याच्यावरून अंग घालताना ती आडवी झाली, लुगडं सुटलं, आणि तशी ती अर्धी आत अर्धी बाहेर पडून राहिली. घरातले पुरुष दारात येऊन एकमेकांची तोंडं बघू लागले, हिला हात कोणी लावायचा. अक्काचा नवरा, ज्यांना आम्ही नाना म्हणायचो, तेही त्यांच्यातच उभे. नाना भले गृहस्थ होते, म्हणजे काही उपयोगाचे नव्हते.

"देखत काय उभा राह्यनात? पाठ फिरवा!" अक्का पडल्या पडल्या ओरडली. सगळे पाठ फिरवून उभे राहिले. मी तिला धरायला वाकले तर मला म्हणाली, "माले नको उचलू. सुतारले बोलाव. आधी हाऊ उंबरा उचलू."

आता हे केवळ मोरीपुरतं नव्हतं, हे मला चार दिवसांत कळलं. आबा संध्याकाळी पुढच्या दाराबाहेरच्या ओट्यावर येऊन बसायचे आणि नानांना सांगायचे की बाई आता कामाची राहिली नाही, मूलबाळही नाही, तिला भावाकडे देवपुराला पोचवावं आणि पहूरकडची एक मुलगी आहे, ती बघून घ्यावी. नाना काही बोलायचे नाहीत. त्यांचं न बोलणं म्हणजे हो असायचं. भिंत मातीची, अक्काला सगळं ऐकू जायचं. तिनं रडारड केली नाही. मला जवळ बोलावून म्हणाली, "धाकली, दर दोन हातावर हाई घर माले आडवं येस. चूल, पानी, मोरी, मागलं दार. एवढं मन्हा हातात येवाले पाहिजे. तेवढं उनं तर माले कोन काढस, ते मी देखस. नही उनं, तर मी भाऊना ओट्याखाली बसाले जास."

चूल, पाणी, मोरी, मागलं दार. इतकंच. राजवाडा मागत नव्हती.

सुतार आला. त्याला तिनं आधी स्वतःसाठी बसका पाट करायला सांगितला आणि पाटाखाली बेअरिंग लावायला सांगितली, पोरांच्या गाड्याला असतात तशी. इंजिन दुरुस्तीवाल्याकडे जुनी पडलेली मिळाली. पाटाला पुढं दोरी. त्याच्यावर बसून हातांनी जमीन रेटत अक्का चालायची. हातांना टायरचे तुकडे बांधायची. शेणाच्या जमिनीत चाकं रुतायची, तर तिनं गावातल्या पडक्या वाड्याबाहेरचे फरशीचे तुकडे आणवले आणि चुलीपासून मागच्या दारापर्यंत एक पट्टा घालून घेतला. गाव त्याला अक्काचा रस्ता म्हणायचं. त्या रस्त्यानं पाट असा खडखडत यायचा की उंदीर आधी पळायचे, मग आम्ही सुना.

मग उंबरे. सुतार म्हणाला, "अक्का, चौकट म्हंजे चार बाजू. तीन बाजूंची चौकट कुठं असते? ढिली पडेल."

"मंग लोखंडी पट्टी मार. माले चौकट नको शिकाडू. मी तुन्हा चौकटीत अडकेल शे."

स्वयंपाकघराचा उंबरा गेला, माजघराचा गेला, मोरीचा गेला, मागच्या दाराचा गेला. माय धुसफुसत होती, पण आतल्या उंबऱ्यांना कोणी हळदकुंकू वाहत नाही, म्हणून तिनं सोसलं. पुढच्या दाराची वेळ आली तेव्हा मात्र ती खवळली. "उंबरा म्हनजे घरनी लक्ष्मी शे!"

"मंग लक्ष्मीले सांगा, जराशी बाजूले सरकी बस."

मायनं आयुष्यभर कुणाला उंबऱ्यावर बसू दिलं नव्हतं, अशुभ म्हणून. त्या दिवशी ती स्वतः जाऊन उंबऱ्यावर बसली, सुताराला करवत लावता येऊ नये म्हणून. सुतार थांबला. सगळी गल्ली बघत होती. अक्का पाट रेटत तिच्यासमोर आली, हात जोडले आणि अगदी गरीब आवाजात म्हणाली, "माय, उंबरावर नही बसो. लक्ष्मी कोपस."

माय सवयीनं चटकन उठली. सुतारानं करवत लावली.

त्यानंतर अक्काला गावात सपाटअक्का नाव पडलं. चिडवायला पाडलं होतं, ती त्याला ओ द्यायला लागली. उंबरे झाल्यावर तिनं उंची धरली. माठ मांडणीवरून खाली आला. खुंट्या खाली आल्या, माझा पदर त्यांना अडकायचा, मी चिडायचे. ती म्हणायची, "तुले वाकता येस. माले उठता नही येस. सांग, कोनी सोसानं?" मी पदर खोचून वावरायला शिकले. दाराच्या कड्या आमच्याकडे वर, चौकटीच्या कपाळाला. अक्कानं मागच्या दाराची कडी काढून कमरेखाली लावून घेतली; पुढच्या ओट्यावर बसणाऱ्या आबांना ती कधी दिसली नाही. मायची कंबर वयानं अर्धी मोडलेली होती, तिचाही हात वरच्या कडीला पोचेनासा झाला होता. ती कित्येक दिवस गुपचूप कुणातरी सुनेची वाट बघायची, परसात जायचं झालं तरी. ते तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटायची. कडी खाली आली तशी माय तिच्या मनानं बाहेर जायला लागली. अक्काला बरं मात्र एकदाही म्हटलं नाही. उलट म्हणायची, "कडी खाले लाई, आते कुत्रंबी दार उघडी."

माझी मुलगी झाली तेव्हा तिची झोळी आढ्याला टांगली. अक्कानं दोर वाढवून झोळी जमिनीपासून वीतभर वर आणवली. आल्यागेल्यांना ते विचित्र वाटायचं. मी शेतात जायचे आणि अक्का एका हातानं भाकरी थापायची, दुसऱ्या हातात झोळीची दोरी. चूल तिच्या ताब्यात होती, पाणी तिच्या हाताशी होतं, घरात सगळ्यांत जास्त काम तीच करत होती, बसून. पहूरच्या मुलीचं नाव आबांनी सोडून दिलं. भाकरी गरम मिळायला लागली की पुरुषांचे विचार बदलतात.

मग श्रावणात कानबाई आली. आमच्या खानदेशात कानबाईचे रोट, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्या, सगळ्या भाऊबंदकीनं एकत्र बसून खायचे असतात. बाहेरच्याला देत नाहीत, आणि भाऊबंदांतला कोणी आला नाही तर तो मोठा अपमान. रोटांच्या आधी आबांनी निरोप धाडला. ज्या घराला उंबरा नाही तिथं देवी येत नाही. पुढच्या दाराला उंबरा बसवा, नाहीतर भाऊबंदकी रोटाला बसणार नाही.

माय रडली. नानांनी सुताराला बोलावलं. न बोलणारा माणूस त्या दिवशी बरोबर बोलला. नवा उंबरा बसला, जुन्यापेक्षा चार बोटं उंच. देवीला कमी पडायला नको!

अक्का पाटावर बसून बघत होती. म्हणाली, "देवीले उंबरा लागस. मंग घरनी सुनले दार नही लागस का?"  ती सुताराला म्हणाली, "पुढं काय करणं ते कर. मागल्या दारले हात लावशी तर हात मोडसू." मागच्या दाराला कोणी हात लावला नाही. गोठ्याकडच्या दारानं देवी येत नाही ना, म्हणून तिथं उंबऱ्याची गरज कुणाला वाटली नाही.

रविवारी कानबाई बसली. रोट झाले, भाऊबंदकी जेवली, आबांनी दोनदा खीर घेतली. सोमवारी बोळवण. डोक्यावर कानबाई घेऊन नदीवर जायचा मान घरच्या थोरल्या सुनेचा. अक्का नवं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून, पाटावर बसून पुढच्या दारापर्यंत आली. कानबाईला मांडीवर घेऊन बैलगाडीतून नेईन म्हणाली. दारात उंबरा.

नानांनी दोघा पुतण्यांना हाक मारली, हिला उचला म्हणून. अक्का म्हणाली, "गव्हानं पोतं शे का मी? काल परवापर्यंत ह्या दारातून मी मन्हा मनानं जात व्हती." वाजंत्री वाजत होती, आबा घाई करत होते, मुहूर्त जातो म्हणून. शेवटी कानबाई माझ्या डोक्यावर दिली. मान तिचा, डोकं माझं. मी उंबरा ओलांडून बाहेर गेले. मागे वळून पाहिलं तर ती म्हणाली, "जाय. पोरले गर्दीत नको नेऊ. ती राहू दे मनाजवळ."

म्हणून त्या तिघी घरात राहिल्या.

आता आगीचं.

समईची वात साडीला कशी लागली ते कुणी पाहिलं नाही. माय माजघरात देवीच्या जागेजवळ पडून होती. जागी झाली तेव्हा पेट घेतलेली साडी खाली आली होती. ती उठली, धुरात दोन पावलं गेली आणि कोसळली. अक्का चुलीशी होती. धूर वर जातो. उभ्या माणसाला तो आधी धरतो, बसलेल्याला उशिरा. झोळी हाताशी होती, वीतभर वर. तिनं पोर काढली, पदरानं छातीशी बांधली. मग माजघराच्या दारापर्यंत आली. त्या दारालाही उंबरा उरला नव्हता. मायचं मनगट धरून तिला ओढलं, आपण पाटावरून उतरून मायला पाटावर घातलं. म्हातारी हलकी होती, काटक्यांसारखी. अक्का स्वतः उघड्या जमिनीवर, ढुंगणावर मागं सरकत, दोरीनं पाट ओढत, तिच्या त्या फरशीच्या रस्त्यानं मागच्या दारापर्यंत गेली. कडी हाताशी होती. काढली. उंबरा नव्हता. पाट बाहेर आला.

हे सगळं मला नंतर तिनंच सांगितलं, शिव्या देत देत. त्या वेळी मला काही माहीत नव्हतं. मी पुढच्या दाराशी उभी होते. माजघराचं एक लाकूड खाली आलं, धाब्याची माती धबकन आत कोसळली आणि पुरुष मागे हटले. नव्या उंबऱ्याला अडखळून एक जण उताणा पडला, त्याला बाजूला ओढण्यात आणखी दोघे गुंतले. बायकांनी गळा काढला. मला कोणीतरी धरून ठेवलं होतं.

तेवढ्यात घरांच्या पलीकडून, गोठ्याच्या बाजूनं आवाज आला.

"पुढं काय तमाशा देखी राह्यनात, मेल्याहो? आठे पानी आना! गोठा पेटी जाई!"

मी मागच्या गल्लीनं धावले. गोठ्यासमोर कडुनिंबाखाली अक्का चिखलात बसलेली. नव्या लुगड्याची चिंधी झालेली, मांड्या सोलून निघालेल्या, तिला त्याची जाणीवही नव्हती. माय पाटावर मुटकुळं करून खोकत होती. पोर अक्काच्या छातीशी बांधलेली, रडून रडून लाल. मी तिला घेतलं. अक्का म्हणाली, "भुकी शे. पाज आधी."

घर विझलं तेव्हा आबा तिथं आले. भाऊबंद गोळा झाले होते. आबांनी हात जोडून आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाले, कानबाईची कृपा. उंबरा बसवला म्हणून मोठी सून घरात अडकून राहिली, आणि ती घरात राहिली म्हणून सगळे वाचले. उंबऱ्यानंच वाचवलं!

लोकांनी माना डोलावल्या. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. नाना पण मान हलवत होते. मला वाटलं माझ्या हातात पोर नसती तर मी आज काहीतरी करून बसले असते.

अक्कानं पदर डोक्यावर घेतला नाही. आबांकडे सरळ पाहिलं. "मंग घर कोनी जाळं, आबा?"

आबा गेले. पुन्हा त्यांनी आमच्या दारात पाऊल टाकलं नाही, आणि आम्हाला त्याचं दुःख झालं नाही.

घर पुन्हा बांधायचं झालं तेव्हा सुतार चौकट घेऊन आला, चार बाजूंची, सवयीनं. नानांनी तोंड उघडायच्या आधी मायनं काठी उचलली आणि चौकटीची खालची बाजू दाखवली. "हाई काढ," एवढंच म्हणाली. अक्काकडे पाहिलं नाही. अक्कानंही तिच्याकडे पाहिलं नाही. दोघी तशाच होत्या.

त्या घरात अक्का बरीच वर्षं राहिली, कुणी तिला काढलं नाही. नाना तिच्या आधी गेले. ती गेली तेव्हा तिचा पाट आम्ही तिच्याबरोबर जाळला नाही. दोन गल्ल्या सोडून एका म्हाताऱ्याचं अंग गेलं होतं, त्याला दिला. त्याच्या घरात उंबरे होते. पाट भिंतीला टेकवून ठेवला त्यांनी, आणि म्हातारा बाजेवर. भोक पाडलेल्या.

आता माझे गुडघे गेलेत. मी जळगावात मुलीकडे असते. तिच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे, मोठी, आरसा लावलेली. आणि लिफ्टपर्यंत जायला पाच पायऱ्या! बांधणाऱ्याला मी विचारलं, लिफ्ट कोणासाठी आहे? म्हणाला, "आजी, पायऱ्यांशिवाय एन्ट्रन्सला शोभा येत नाही." देवीला उंबरा लागायचा, ह्यांच्या शोभेला पायऱ्या लागतात. मी घरात मुलीला सांगून न्हाणीचा कठडा काढून टाकला, दिव्याची बटणं खाली घेतली, कडी खाली घेतली. शेजारीण विचारते, हे असं का? मुलगी सांगते, आमच्याकडे असंच असतं.

तिला आग आठवत नाही. कशी आठवेल. तिला अक्का आठवते, पाट आठवतो, खडखड आठवते.

त्या दिवशी आगीच्या घरात तिघी होत्या. एक म्हातारी, जिची कंबर मोडलेली होती. एक तान्ही, जिला चालता येत नव्हतं. आणि एक बाई, जिचे पाय गेले होते.

तिघी जगल्या.